मरळ माशांची जातवार ओळख (खानदेश)

मरळ हे चन्ना वंशातील लांबट अंगाच्या, सापासारख्या चपट्या डोक्याच्या आणि कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेणाऱ्या मांसाहारी माशांचे सामान्य नाव आहे. उन्हाळ्यात नद्यांची धार तुटल्यावर उरणारे डोह आणि धरणांच्या फुगवट्याचा गवताळ काठ अशी संथ जागा त्यांना मानवते. तापी व गिरणेच्या खोऱ्यांत अशा जागा पुष्कळ आहेत. आमिषावर झडप घालून गळाला जोरदार झुंज देत असल्याने हौशी गळकऱ्यांना हा मासा प्रिय आहे.

मोठ्या आकाराच्या दोन जातींत गल्लत सर्वाधिक होते. चन्ना मारुलियस (हॅमिल्टन, 1822; कंसात जातीचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव व वर्ष) एक मीटरहूनही लांब वाढते आणि तिच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला फिकट कड्याचा काळा डोळ्यासारखा ठिपका असतो. मात्र मोठ्या माशांत तो पुसट होतो, आणि चन्ना स्ट्रायाटाच्या (ब्लॉख, 1793) पिल्लांनाही पाठीच्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) मागच्या टोकाला तसाच ठिपका असतो, त्यामुळे केवळ ठिपक्यावर जात ठरवणे धोक्याचे आहे. रंगाचा तर भरवसाच नको, कारण तो गढूळ पाण्यात, विणीच्या काळात आणि टोपलीत पडल्यावर वेगवेगळा दिसतो. खात्री पटते ती मोजणीने: कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेवर मारुलियसचे सुमारे 60 ते 70, तर स्ट्रायाटाचे 50 ते 57 खवले भरतात. ही रेषा मध्येच एक पायरी खाली उतरते, तेव्हा मोजताना तिथे चूक होऊ द्यायची नाही. पाठीच्या परातील मऊ किरणही (पराला आधार देणाऱ्या काड्या) मारुलियसमध्ये साधारण 45 ते 55, स्ट्रायाटामध्ये 37 ते 46 असतात. म्हणजे दोहोंच्या सीमेवर ही खूण एकटी पुरत नाही.

लहान मरळ दिसली की तिला मोठ्या जातीचे पिल्लू समजण्याची सवय आहे. वास्तविक चन्ना पंक्टाटा आणि चन्ना गाचुआ या जाती पूर्ण वाढूनही लहानच राहतात. गाचुआ तर वीतभराचीच. गाचुआच्या छातीच्या परावर एकाआड एक गडद-फिकट कमानी उमटलेल्या असतात आणि पोटाचा पर छातीच्या पराच्या निम्म्याहूनही आखूड असतो, तर पंक्टाटाचा छातीचा पर बिनपट्ट्यांचा व पोटाचा पर त्याच्या निम्म्याहून लांब असतो. हे पाहण्यासाठी मासा मारावा लागत नाही. ओल्या फडक्यावर आडवा धरून पर हलकेच पसरले की पुरे.