विंडोज ११ बसवल्यानंतर कॉम्प्युटर वारंवार हँग होत असल्यास

लातूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील आमच्या सर्व ग्राहकांसाठी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसांत आपल्याकडे सोयाबीनची आवक ऐन भरात असते, अडत दुकानांत रात्री उशिरापर्यंत पट्ट्या निघत असतात आणि कॉम्प्युटर एक तासही बंद ठेवणे कोणाला परवडत नाही. तरीही पडद्यावर सतत येणाऱ्या सूचनांमुळे अनेकांनी घाईघाईत विंडोज ११ बसवून घेतले, आणि तेव्हापासून आमच्याकडे एकाच प्रकारची तक्रार सातत्याने येत आहे : "अपग्रेड केल्यापासून मशीन हँग होते, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट करून देणे आमच्यासाठी सोपे आहे, परंतु त्याने बहुतेक वेळा मूळ कारण जात नाही आणि आठ-पंधरा दिवसांत तेच मशीन पुन्हा आमच्या टेबलावर येते. म्हणून फॉरमॅट करण्याआधी कॉम्प्युटर नेमका कशामुळे अडकतो ते पाहावे, आणि ते पाहण्याच्याही आधी आपली माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

आधी माहिती, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर अधूनमधून तरी चालू राहत असेल, तर त्या वेळेत टॅलीचे डेटा फोल्डर, वर्ड व एक्सेलच्या फाइल, फोटो आणि डाउनलोडमध्ये पडलेली कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांनी "सगळे पेन ड्राइव्हवर घेतले आहे" असे सांगितल्यावर आम्ही त्यांच्या शब्दावर मशीन फॉरमॅट केले आणि नंतर लक्षात आले की, पेन ड्राइव्हवर डेस्कटॉपवरचे शॉर्टकट तेवढे होते, मूळ फाइल एकही नव्हती. ती चूक आमचीच होती, कारण तपासून पाहणे आमचे काम होते. तेव्हापासून उतरवलेल्या फाइलपैकी काही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर ग्राहकांसमोर उघडून दाखवल्याशिवाय आम्ही फॉरमॅटला हात लावत नाही. आपणही घरी किंवा दुकानात हीच पद्धत ठेवावी.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना माहीत आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असते. दुरुस्तीसाठी बायोसमधील, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीतील एखादी सेटिंग बदलली किंवा मदरबोर्ड बदलला, तर सुरू होताना मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसल्यास आतली माहिती आम्हालाच काय, कोणालाही उघडता येत नाही. ही की बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अनेकांच्या बाबतीत ते खाते मुलाने, भाच्याने किंवा दुकानातल्या जुन्या ऑपरेटरने उघडलेले असते, त्यामुळे त्याचा ईमेल आणि पासवर्ड आजच शोधून वहीत लिहून ठेवावा.

हँग कोणत्या प्रकारचा आहे

"हँग झाले" या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचे कारण वेगळे असते. पडदा थिजल्यावर कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली प्रणाली अजून जिवंत आहे आणि दोन-तीन मिनिटे थांबण्यात अर्थ आहे. दिवा अजिबात बदलत नसेल, बाण हलत नसेल आणि कोपऱ्यातले घड्याळही थांबले असेल, तर संपूर्ण मशीन अडकले आहे व कारण बहुधा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग विंडोजशी जोडून चालवणारी आज्ञावली), रॅम, डिस्क किंवा वीजपुरवठा यांपैकी एक असते. बाण हलतो पण काहीही उघडत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, असे असेल तर संशय थेट डिस्ककडे जातो. एकच आज्ञावली अडकत असेल आणि बाकीचे सगळे चालत असेल, तर तो त्या आज्ञावलीचा प्रश्न आहे व त्यासाठी पूर्ण मशीनला दोष देऊ नये.

फक्त पडदा काळा होऊन आवाज चालू राहत असेल, तर विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने पडद्याचा, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि बऱ्याच वेळा चालू काम न गमावता मशीन परत येते.

पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करणे हा शेवटचा उपाय समजावा, कारण त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते आणि हिशेबाच्या फाइल अशाच बिघडतात.

अपग्रेडनंतरचे पहिले एक-दोन दिवस मशीन मंद चालणे स्वाभाविक आहे. नवी प्रणाली तेव्हा मागच्या बाजूला सगळ्या फाइलची शोधसूची नव्याने तयार करत असते, अपडेट उतरवत असते आणि सुरक्षा तपासणीही करत असते. एक रात्र चार्जर लावून, झोपेत न जाऊ देता मशीन चालू ठेवावे आणि सकाळी रीस्टार्ट करावे. येथे रीस्टार्ट हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केल्यास प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत वर येतो, त्यामुळे कालची अडचणही त्याच्याबरोबर परत येते. पूर्ण नव्याने सुरुवात फक्त रीस्टार्टने होते.

आमच्याकडे सर्वाधिक आढळणारे कारण : फिरणारी हार्ड डिस्क

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि डिस्कच्या रकान्याकडे पाहावे. काहीही काम चालू नसताना तो आकडा मिनिटामागून मिनिटे १०० टक्क्यांवर राहत असेल, तर कारण जवळजवळ सापडले असे समजावे. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि तिच्यावरील सुई इकडून तिकडे सरकत एका सेकंदात साधारण शंभराच्या आसपासच ठिकाणची माहिती वाचू शकते, तर एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे किंवा सरकणारे काहीच नसल्याने तेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. विंडोज ७ च्या काळात ही गती पुरत होती. आजची प्रणाली मात्र एकाच वेळी अनेक छोटी कामे डिस्ककडे सोपवते आणि त्या रांगेत आपण उघडलेली फाइल शेवटी उभी राहते. गंजगोलाईतील एका दुकानदारांचे मशीन असेच होते. त्यांनी आधी दोन ठिकाणी फॉरमॅट करून घेतले होते, रॅमही वाढवली होती, पण डिस्क कोणी बदलली नव्हती. एसएसडी बसवून जुनी प्रणाली जशीच्या तशी तिच्यावर उतरवल्यावर त्याच प्रोसेसरवर त्यांचे काम सुरळीत झाले.

डिस्क मंद असणे वेगळे आणि डिस्क खराब होत जाणे वेगळे. तबकडीवरील एखादी जागा वाचता येईनाशी झाली की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळे मशीन तिच्यासाठी थांबून राहते. अपग्रेडच्या वेळी अनेक जीबी माहिती नव्याने लिहिली जाते, आजवर कधी वापरात न आलेल्या जागाही वापरल्या जातात, आणि म्हणून वर्षानुवर्षे लपून राहिलेला दोष नेमका त्याच आठवड्यात वर येतो. ग्राहकाला साहजिकच वाटते की नव्या विंडोजने डिस्क बिघडवली. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करावे, कोणतीही दुरुस्तीची आज्ञा चालवू नये आणि चेकडिस्क ही डिस्क तपासण्याची विंडोजची आज्ञा तर मुळीच नाही, कारण मरणाऱ्या डिस्कवर ती तासन्‌तास फिरवणे म्हणजे उरलेली माहितीही घालवणे होय.

रॅमबद्दल थोडक्यात. विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान ४ जीबी रॅम पुरेशी धरली आहे, पण टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र उघडणाऱ्या दुकानात ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये असे आमचे मत आहे.

ड्रायव्हर आणि जुन्या आज्ञावली

डिस्क निरोगी असूनही संपूर्ण मशीन अडकत असेल, तर पुढचा संशय ड्रायव्हरवर घ्यावा. ग्राफिक्स, चिपसेट आणि वायफाय यांचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आपल्या मॉडेलचा क्रमांक टाकून घ्यावेत. "सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर" अशी जाहिरात करणाऱ्या आज्ञावलींमुळे बिघडलेली मशीन आम्ही इतकी पाहिली आहेत की, त्या वापरू नयेत असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणे हेही असेच एक कारण आहे. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली असते, तो काढलेला नसतो आणि त्यावर नवा बसवला जातो. मग प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती तपासू पाहतात.

सेवा केंद्रे, कर सल्लागार आणि शाळांची कार्यालये यांच्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल, जुना प्रिंटर आणि युनिकोडपूर्व काळातील मराठी टायपिंगची आज्ञावली यांचे ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी लिहिलेले असू शकतात. यूएसबीला जोडलेले सर्व काही काढून मशीन एक दिवस चालवून पाहावे आणि नंतर एकेक वस्तू परत जोडावी. ज्या वस्तूनंतर हँग होणे सुरू होते, तिचा नवा ड्रायव्हर शोधावा.

दोष अपग्रेडच्या आधीपासून होता का, हे कळण्याचा एक मार्ग विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधल्यास तारीखवार नोंदी दिसतात आणि जेथे मशीन बिघडले तेथे लाल फुली असते. अपग्रेडच्या तारखेच्या आधीही फुल्या दिसत असतील, तर दोष नव्या प्रणालीत शोधू नये.

ऊन, धूळ आणि वीज

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या छताखालील दुकानात मशीनला मिळणारी हवाच तापलेली असते. प्रोसेसर सुमारे १०० अंशांजवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो आणि तरीही थंड न झाल्यास मशीन बंद पडते. सकाळी ठीक चालणारे आणि दुपारी दोननंतर अडकणारे मशीन आले की आम्ही आधी पंखा उघडून पाहतो. जिनिंगमधल्या कॉम्प्युटरच्या पंख्यात तर कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी झालेली असते. ती साफ करणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे तासाभराचे काम असते.

विजेबाबतही हेच. लाइट ये-जा करत असताना अपग्रेड सुरू करू नये. लॅपटॉपची बॅटरी चांगली नसेल किंवा डेस्कटॉपच्या यूपीएसवर पंधरा मिनिटेही निघत नसतील, तर मशीन आमच्याकडे आणून द्यावे.

जुन्या विंडोजवर परत जाता येते, पण मुदत कमी आहे

अपग्रेड केल्यापासून १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यातील रिकव्हरी आणि तेथील "गो बॅक" या पर्यायाने विंडोज १० परत आणता येते. आपल्या फाइल तशाच राहतात, मात्र अपग्रेडनंतर बसवलेल्या आज्ञावली निघून जातात. त्यासाठी लागणारी जुनी प्रणाली "विंडोज डॉट ओल्ड" या फोल्डरमध्ये असते, आणि जागा मोकळी करण्याच्या नादात बरेच जण तेच फोल्डर पुसून टाकतात. मुदत संपण्याआधी आमच्याकडे आल्यास ती ६० दिवसांपर्यंत वाढवून देता येते. मुदत संपल्यावर तसे करता येत नाही. परत गेल्यावर सुरक्षा अपडेटचा प्रश्न उरतोच. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, पण तिच्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली मशीन विंडोज ११ साठी अधिकृतरीत्या पात्र नाहीत. तरीही तपासणी चुकवून ते बसवून देणारे लोक आहेत. अशा मशीनला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ते वरचेवर अडकू लागल्यास आम्ही त्यावर ग्राहकांचे पैसे खर्च करवत नाही. ज्यांचे काम ब्राउझरपुरते आहे त्यांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून देतो. टॅली वापरणाऱ्यांनी मात्र नवे मशीन घेण्याचा विचार करावा, कारण तेथे लिनक्सचा उपयोग होत नाही.

दुकानात येताना

मशीनसोबत त्याचा मूळ चार्जर आणावा, कारण कमी क्षमतेच्या चार्जरवर चालणारे काही लॅपटॉप आपणहून गती कमी करतात. हँग होते त्या वेळी पडद्यावर काही संदेश दिसल्यास मोबाइलवर त्याचा फोटो काढावा आणि ते किती वाजता, काय करत असताना झाले हे चार-पाच वेळांचे कागदावर लिहून आणावे. आमचा निम्मा तपास त्या कागदावर होतो. डिजिटल सहीचा डोंगल मात्र आमच्याकडे ठेवून जाऊ नये. तो जोडल्यावरच मशीन अडकत असेल तर आपण स्वतः थांबावे, आपल्यासमोर तपासू आणि तो लगेच आपल्या हाती परत देऊ.