रेल्वे-हाउसबोट सहल, गोव्यातील

राजेशाही थाटाच्या रेल्वेगाडीतून सह्याद्रीचा घाट उतरून गोव्यात यायचे, गाडी सोडून नदी गाठायची आणि पुढचा एक-दोन दिवसांचा मुक्काम हाउसबोटीवर करून खाडीकाठचे पक्षी, मगरी, कांदळवन आणि गावे पाहायची, असा हा जोड सहलीचा प्रकार आहे. गोव्यात येणारा बहुतेक पर्यटक किनाऱ्यावर थांबतो. या सहलीत किनारा जवळजवळ येतच नाही. ती सारी डोंगर आणि नदी यांच्यामध्ये घडते. दूधसागर धबधब्याचे पाणी दूधसागर नदीतून खांडेपार नदीत आणि तिथून मांडवीत जाते. गाडीच्या खिडकीतून जे पाणी कड्यावरून कोसळताना दिसते, तेच पुढे चोडण-दिवाडीच्या बेटांना वळसा घालून समुद्राकडे निघते. एकाच पाण्याचा उगमाकडून मुखापर्यंत असा पाठलाग करता येणे, हे या सहलीचे खरे वैभव. डब्यातल्या गालिचांचा आणि झुंबरांचा नंबर त्यानंतरचा.

गाड्या : भारतात चैनीच्या पर्यटक गाडीचा पायंडा राजस्थानच्या 'पॅलेस ऑन व्हील्स'ने १९८२ मध्ये पाडला. त्याच धर्तीवर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वे यांनी २००४ मध्ये 'डेक्कन ओडिसी' सुरू केली. ही निळ्या रंगाची, २१ डब्यांची गाडी. कोरोनाच्या साथीत ती बंद पडली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा रुळांवर आली. कर्नाटकाची 'गोल्डन चॅरियट' २००८ ची. हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथावरून तिचे नाव पडले. डेक्कन ओडिसीच्या महाराष्ट्र फेरीत कोल्हापूरनंतर गोवा येतो, गोल्डन चॅरियटच्या कर्नाटक फेरीत हंपीनंतर. दोन्हीकडून येताना वाट घाटमाथ्याकडच्या लोंढा जंक्शनवरूनच, म्हणजे घाट उतरणे आलेच.

या गाड्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात गोव्याला सहसा एकच दिवस मिळतो. जुने गोवे, पणजीतली फोंतेनाश ही जुनी पोर्तुगीज वस्ती, फोंड्याकडची एखादी मसाल्याची बाग आणि संध्याकाळी परत गाडीत, असा तो दिवस सरतो. हाउसबोटीवरची रात्र त्यात बसत नाही. त्यामुळे जोड सहल करणारे फेरी गोव्यात सोडतात, किंवा फेरी संपवून वेगळ्या गाडीने पुन्हा गोव्यात येतात. दक्षिणेच्या फेऱ्यांत केरळच्या बॅकवॉटरमधला नौकाविहार कार्यक्रमातच धरलेला असतो. तीन-तीन जलमार्ग एकमेकांना जोडलेल्या गोव्यात तो अजून नसावा, ही मोठी उणीव आहे.

घाट : कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किमीचा ब्रागांझा घाट. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८० च्या दशकात हा मीटरगेज मार्ग मुरगाव बंदरापर्यंत नेण्यात आला. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतले शेवटचे स्टेशन आणि कुळे पोर्तुगीज हद्दीतले. दोन्हीकडे जकातीची झडती होत असे. गोवा मुक्तीचा लढा तापल्यावर १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि गाडी थांबली. १९६१ च्या मुक्तीनंतर वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला.

घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. म्हणून येथे गाडीला जादा इंजिने जोडतात. रेल्वेतली माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. चढताना बँकर मागून रेटा देतो, उतरताना गाडी आवरून धरतो. कॅसलरॉकला गाडी थांबली की बँकर जोडणे, ब्रेकची तपासणी हे सगळे झाल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. राजेशाही गाडीलाही यातून सूट नाही. घाईच्या प्रवाशाला हा खोळंबा वाटतो. पण डब्यातून कान देऊन ऐकले, तर डब्यांच्या टोकांचे धक्के झेलणारे बफर एकमेकांवर दबल्याचा दणका पुढून मागे सरकत जाताना नीट कळतो आणि मग गाडी सावकाश खाली निघते. पुढे बोगद्यामागून बोगदे. मध्येच एका वळणावर उजेड येतो आणि दूधसागर थेट रुळाला भिडतो. धबधब्याची एकूण उंची सुमारे ३१० मीटर. रेल्वेचा पूल त्याच्या मधल्या अंगाने जातो, त्यामुळे पाणी वरूनही दिसते आणि पुलाखालून दरीत उतरतानाही दिसते. खिडकी ओली होते. भोवती मोलेचे भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किमीचे रान आहे. कुळ्याहून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जीपगाड्या जातात. त्या पावसाळ्यात बंद असतात.

कोकण रेल्वे : मुंबईकडून थेट येणाऱ्याला घाट लागत नाही, त्याची वाट कोकण रेल्वेची. रोहे ते ठोकूर हा ७४१ किमीचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. गोव्यात पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, बाळ्ळी आणि काणकोण ही त्याची मुख्य स्टेशने. पेडण्याच्या बोगद्याने बांधकामात सर्वांत जास्त छळले. तिथली माती इतकी भुसभुशीत की खणावे तितके पुन्हा ढासळे. हाउसबोटीसाठी थिवी आणि करमळी ही दोन स्टेशने सोयीची. थिवीहून शापोरा नदीचा काठ जवळ आहे, करमळीहून जुने गोवे आणि मांडवी. करमळीच्या स्टेशनाला लागूनच करमळीचे तळे आहे आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदके उतरतात, म्हणजे सफारीची सुरुवात फलाटावरूनच झाली म्हणायची. मुंबई-मडगाव जनशताब्दीला २०१७ पासून काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागतो. चैनीच्या गाडीचे भाडे ज्याला नको, त्याला हा चांगला पर्याय आहे.

हाउसबोट : गोव्यात दिसणाऱ्या हाउसबोटींची घडण केरळच्या केट्टुवळ्ळमची आहे. ती मुळात भात वाहणारी होडी. फणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ती बांधत, त्यात खिळा नसे. वर बांबू आणि चटईचे छत, आत झोपायच्या खोल्या, पुढे उघडी बैठक आणि मागे स्वयंपाकघर अशी तिची पर्यटकी मांडणी आहे. गोव्यात त्या मुख्यतः शापोरा नदीवर शिवोली-कोलवाळच्या टापूत आणि मांडवीत चालतात. जेवणात केरळात करीमीन म्हणून मिळणारा मासा इथे काळुंद्र म्हणून ताटात येतो. जोडीला तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, सुके, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी.

होडी केरळची असली तरी पाणी केरळचे नाही, आणि हा फरक सहल आखणाऱ्याने आधी समजून घ्यावा. गोव्याच्या नद्या भरती-ओहोटीच्या आहेत. उधाणाला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने वरखाली होते. ओहोटीत खाडीचे काठ चिखलाने उघडे पडतात आणि लहान फाट्यांत बोट रुतते. म्हणून कधी निघायचे, कुठे नांगर टाकायचा, कुठल्या पुलाखालून किती वाजता जायचे हे भरतीच्या वेळेवर ठरते, पाहुण्याच्या चहाच्या वेळेवर नाही. ज्या तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, भरतीचे गणित तोंडपाठ असते, त्याची बोट निवडावी. जलमार्गांच्या २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी, कुंभारजुव्याचा कालवा आणि शापोरा हे राष्ट्रीय जलमार्ग झाले. बोटीची नोंदणी आणि तपासणी बंदर कप्तान खात्याकडे असते. पाहुण्याने नोंदणीचा कागद आणि लाइफ जॅकेट मागून बघायला लाजू नये.

नदीकाठ : चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले, जेमतेम १.८ चौरस किमीचे. तिवर, कांदळ आणि चिपी या खारफुटीच्या झाडांच्या मुळांमधून होडी आत जाते. खंड्याच्या अनेक जाती, ढोकरी, बगळे, पाणकावळे ही इथली नेहमीची मंडळी. नशीब असेल तर पाणमांजरे दिसतात. हाउसबोट मोठी असल्याने ती बाहेर थांबते आणि आत लहान होडी जाते, तीही भरतीला.

मगरी पाहायच्या तर कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा हा सुमारे १५ किमीचा पाणमार्ग. येथील मगर एरवी गोड्या पाण्यात राहणाऱ्या जातीची, पण इथे ती खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. काठच्या शेतकऱ्यांनी तिच्याशी जुळवून घेतले आहे. फोंडा तालुक्यात दुर्भाट, आडपई, भोम या भागांत पौष अमावास्येला 'मांगे थापणी' होते. बांधावर ओल्या चिखलाची मगर थापायची, शिंपल्यांचे डोळे लावायचे, पाय काठ्यांचे करायचे, फुले वाहायची आणि नैवेद्य दाखवायचा. बांध राखणारी ती राखणदार, अशी भावना. होडीतून कोंबडीचे मांस दाखवून मगर जवळ बोलावण्याचा प्रकार जिथे दिसेल तिथे पाहुण्यांनी स्पष्ट नकार द्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि माणसाकडून खायला मिळते असे शिकलेली मगर शेवटी त्या शेतकऱ्याच्याच जिवावर बेतते.

ज्या बांधांवर ही पूजा होते, ती खाजन शेती म्हणजे गोव्याच्या नद्यांचा सर्वांत मोठा मानवी वारसा. नदीच्या पातळीखालची जमीन चिखल, जांभा दगड आणि गवत यांच्या बांधांनी अडवायची. आत कोरगूटसारखे खारे पाणी सोसणारे भात आणि शेतीनंतर मासळी घ्यायची. बांधात जागोजागी 'मानस', म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, असते. मानसीची लाकडी दारे अशी टांगलेली असतात की भरतीचे पाणी बाहेरून दाबले की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. यंत्र नाही, वीज नाही. ओहोटी लागताना बोट मानसीजवळ थांबवली, तर दार हलते, फटीतून पहिली धार सुटते आणि तिच्या तोंडाशी बगळे येऊन उभे राहतात. हे पाहायला अर्धा तास पुरतो. सहलीच्या पत्रकांत मात्र मानसीचा उल्लेख अभावानेच सापडतो.

दिवाडीच्या पलीकडच्या काठावर नार्वे आहे. पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलेल्या सप्तकोटीश्वराची पुन्हा स्थापना इथे झाली आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. एका काठाला जुन्या गोव्यातली, युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरविलेली चर्च आणि दुसऱ्या काठाला हे देऊळ. मराठी पाहुण्याने ही फेरी चुकवू नये.

ऋतू आणि खर्च : हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल-मे. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा धरतो आणि मांडवीचे तोंड जहाजांना बंद होते. खनिज वाहणारी बार्जेसुद्धा तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जात. दूधसागर मात्र पावसातच भरात असतो आणि तेव्हा चैनीच्या गाड्या धावत नाहीत. दोन्ही साधायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाणी अजून आटलेले नसते आणि स्थलांतरित पक्षी येऊ लागलेले असतात. एप्रिलपर्यंत धबधब्याच्या जागी ओले काळे खडक उरतात. चैनीच्या गाडीच्या पूर्ण फेरीचे भाडे माणशी लाखांत जाते.

पर्यावरण : कॅसलरॉक-कुळे मार्गाच्या दुपदरीकरणाला गोव्यात मोठा विरोध झाला. मोलेच्या जंगलासाठी तरुण मुलेमुली, वकील, शास्त्रज्ञ आणि गावकरी एकत्र आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. नदीवरची काळजी वेगळी आहे. वेगाने जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी खाजनाचे बांध झिजतात, आणि एकदा बांध फुटला की खारे पाणी शिरून शेत काही वर्षांसाठी हातचे जाते. सांडपाणी नदीत सोडणारी हाउसबोट तिसऱ्यांच्या त्याच चिखलाची नासाडी करते, जिथून स्वतःच्या पाहुण्यांचे जेवण येते. बोट ठरवताना सांडपाण्याची टाकी आहे का आणि ती कुठे रिकामी होते, हे विचारावे.

थाट वगळून हाच मार्ग साध्या तिकिटातही होतो. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस उजेडात घाट चढते आणि बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जाते. नदीसाठी रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीबोट आहे. तिथून अभयारण्याचे दार चालत गाठता येते आणि आत नेणारी होडी मिळते. निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी.