खालून ऑइल मारून आणलेल्या गाडीला त्याच दिवशी कोटिंग का होत नाही

मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीनंतर आमच्या काउंटरवर रोज तेच बोलणं होतं. कोटिंगसाठी, म्हणजे खालच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून लेप मारून घ्यायला आलेली गाडी लिफ्टवर चढते आणि खालून काळीकुळकुळीत चमकत असते. मालक कौतुकाने सांगतात, "कालच वॉशिंग करून ऑइल मारून आणलीय, तुमचं काम हलकं केलं." प्रत्यक्षात ते दुप्पट झालेलं असतं. मग वेळेवरून आणि जादा पैशांवरून जी बोलाचाली होते, ती टळावी म्हणून हा कागद छापला आहे. गाडी सोडण्याआधी एकदा वाचा.

वॉशिंगनंतर गाडीच्या पोटाखाली डिझेल किंवा जळकं इंजिन ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती मूर्खपणाची होती असं आम्ही म्हणणार नाही. जुन्या जीपा आणि ट्रक यांची चासी जाड लोखंडाची, खाली कमानीचे पाटे, आणि ऑइल दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मारलं जायचं. पाटे कुरकुरत नसत, पाणीही काही दिवस धरत नसे. आताच्या बहुतेक गाड्यांना तशी वेगळी चासी नसते, पातळ पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून अख्खं अंग बनवलेलं असतं. खाली रबरी बुश, ड्राइव्हशाफ्टची बुटं (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरची रबरी टोपणं), सेन्सरच्या वायरी. खनिज तेलाने यातलं बरंच रबर फुगतं आणि मऊ पडतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं आणि धातूचा कीस असतो, तो वेगळाच. फवारा ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडाला तर पुढचं सांगायला नको.

पण आमची खरी अडचण पुढची आहे. कोटिंग चिकटतं ते कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागाला. मध्ये तेलाचा पातळ थर असला तर ते नीट सुकत नाही, आणि सुकल्यासारखं दिसलं तरी दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्रा पूर्ण गळून पडला तरी बरं, तो अर्धवट लोंबकळतो. त्याच्या आत पाणी शिरतं, बाहेर यायला वाट मिळत नाही आणि पत्रा आतून गंजतो. वरून मात्र सगळं काळं आणि ठाकठीक. अशा कोटिंगपेक्षा उघडा पत्रा परवडला, निदान गंज डोळ्यांना दिसतो.

म्हणून ऑइल मारलेली गाडी आली की ते आधी काढावं लागतं. डीग्रीझर लावायचा, मुरू द्यायचा, ब्रशने घासायचं, गरम पाण्याने धुवायचं. सांध्यांत शिरलेलं तेल पहिल्या हाताने निघत नाही म्हणून हेच पुन्हा एकदा. दोन माणसांचे अडीच-तीन तास यातच जातात. शिवाय ते काळं पाणी आम्ही गटारात सोडत नाही, तेल वेगळं करायच्या टाकीत घेतो. शेजारी विहिरी आहेत. ऑइल काढण्याचा आकार बिलात वेगळा दिसतो तो या सगळ्याचा. कोटिंगला यायच्या आधी महिनाभर खालून काहीही मारू नका, मग तो आकार लागणार नाही. साध्या चिखलाने माखलेली गाडी आणलीत तर आम्हाला आनंदच आहे.

चिखल की गंज

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि रस्त्याकडेची माती जांभ्याची, लाल. गंजाचा रंगही तोच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. कुणी लाल चिखल बघून घाबरून येतात, तर कुणी "चिखल आहे, पाऊस संपला की निघेल" म्हणत दोन वर्षं गंज सांभाळतात. ओल्या फडक्याने जोर लावून पुसा. चिखल फडक्यावर येतो आणि खाली रंग दिसतो. पुसल्यावरही बोटाला खरखर लागली, फोड आल्यासारखं वाटलं, तर तो गंज.

सगळ्यात जास्त माती साठते ती मात्र पुसायला जाल तिथे नसतेच. चाकावरच्या कमानीत आतल्या बाजूला प्लास्टिकचं किंवा नमद्यासारखं लायनर असतं. बाहेरून पाणी मारलं की ते चकाचक दिसतं. ते सोडवलं की मागे, मडगार्डचा पत्रा खाली दाराच्या उंबऱ्याला मिळतो त्या कोपऱ्यात, ओली माती ठासून बसलेली असते. एका गाडीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून निघालेली माती आमच्या पोराने कुतूहलापोटी काट्यावर टाकली, तर पावणेदोन किलो भरली. आंब्याची पानं, सुपारीची सालं आणि एकदा उंदराचं अख्खं घरटं असा ऐवजही मिळालेला आहे. ही माती एप्रिलपर्यंत आतून दमट राहते. शिवाय मागच्या चाकाच्या कमानीची आत दुमडलेली कड बोट फिरवून बघा. खोबणीत माती लागली तर समजा की आजवर गाडी फक्त वरून धुतली गेली.

यासाठीच आम्ही चाकं आणि लायनर काढल्याशिवाय हे काम घेत नाही. "चाकं न काढता उरकून द्या, जरा कमी करा" असं रोज कुणीतरी म्हणतं. तसं करून देणारे आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. फक्त ते काम वेगळं आणि हे वेगळं.

समुद्रावर गाडी घातली असेल तर

पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावर जाता, फोटोसाठी गाडी वाळूत घालता, चाक रुततं, कुणाचा तरी ट्रॅक्टर येऊन ओढून काढतो. हे आम्हाला माहीत आहे, कारण सोमवारी त्या गाड्या आमच्याकडेच येतात. वाळू फारसं काही करत नाही. करतं ते मीठ. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की कोरडं मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर दमटपणा त्याच्या वरच असतो. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी सांध्यातलं मीठ ओलंच, आणि गंजायला तेवढं पुरतं.

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. गोड्या म्हटलं, कारण खाडीकाठच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि मीठ धुवायला मीठच वापरलं जातं. बागेत फिरणारा पाण्याचा फवारा गाडीखाली सरकवून १० मिनिटं सोडला तर पुष्कळ काम होतं. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून चाकामागे पाणी मारा. त्याआधी ब्रेक गार होऊ द्या. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर थंड पाणी ओतू नका. धुऊन झाल्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवून, हलके ब्रेक दाबत गाडी कोरडी करा. लगेच कव्हर घालू नका.

आणि ओली गाडी हँडब्रेक ओढून आठवड्यासाठी सोडून जाऊ नका. गावच्या घरी गाडी ठेवून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांचं हे हमखास होतं. मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात आणि परत आल्यावर गाडी जागची हलत नाही. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड, बस.

घरी प्रेशर वॉशर असेल तर वापरा, पण नोझल हातभर लांब धरा. बेअरिंगची सिलं, ड्राइव्हशाफ्टची बुटं आणि वायरींचे सॉकेट यांवर जवळून थेट मारा नको. इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलींपासून लांबच राहा.

टिकणारी चमक

"खालून चमकायला हवी" ही मागणी आम्ही समजू शकतो. गाडी विकायची असली तर फारच. तेलाची चमक पहिल्या धुळीच्या रस्त्यापर्यंत टिकते. नंतर तीच धूळ तेलात बसून लगदा होतो. आमच्याकडून गाडी नेताना खालचा पत्रा तुम्हाला तेवढा झळाळलेला दिसणार नाही. तो मंद काळा, कोरडा असतो आणि पुढच्या वर्षी धुतल्यावर पुन्हा तसाच दिसतो. चमक आम्ही जिथे शोभते तिथे देतो. लायनरला पाण्यात मिसळणारं ड्रेसिंग, जे हाताला चिकट लागत नाही, आणि टायरच्या फक्त बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर शाईन मागू नका, पहिल्याच वळणावर गाडी घसरेल. व्हीलवर आम्ही जो फवारा मारतो तो जांभळा होऊन ओघळतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा "रंग जातोय" म्हणून धावत येऊ नका. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी विरघळत असते.

कोटिंगला गाडी रात्रभर का ठेवतो, हेही नेहमी विचारलं जातं. धुतल्यावर कॉम्प्रेसरने हवा मारली तरी सांध्यातलं पाणी लगेच सुकत नाही. पंखे लावून रात्र जाऊ द्यावी लागते. सकाळी सुटा गंज तारेच्या ब्रशने काढतो, त्यावर गंज काळा करणारं द्रावण, मग प्रायमर, मग पातळ दोन हात. जाड एक हात लवकर उरकतो आणि लवकर तडकतो. सायलेन्सर, ब्रेक, स्प्रिंग आणि उंबऱ्याखालची पाणी जायची भोकं झाकून घेतो. ही भोकं कोटिंगने बुजलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. जून ते सप्टेंबर आम्ही खालची धुलाई करतो, कोटिंग करत नाही. पैसे नको आहेत असं नाही, हवाच कोरडी मिळत नाही.

नवी गाडी घेतली असेल तर घाई करू नका. कारखान्यातून खाली बऱ्यापैकी लेप आलेला असतो. लिफ्टवर चढवून आम्ही तुम्हाला दाखवतो, आणि जिथे दगड लागून तो उडाला असेल तेवढंच भरून देतो. अख्ख्या कोटिंगपेक्षा त्यात आमचा फायदा कमी, हे कबूल. काम चालू असताना लायनर काढल्यावरचे आणि काम झाल्यावरचे फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतात. ते जपून ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईकाला दाखवता येतात. चाकांचे नट आम्ही टॉर्क पान्यानेच आवळतो, तरी १०० किलोमीटरनंतर एकदा येऊन तपासून घ्या. त्याचे पैसे नाहीत.

एप्रिल-मेच्या तारखा होळीपर्यंत भरतात. गणपतीनंतर खालच्या धुलाईला आधी फोन करून या. आणि येताना डिकी रिकामी करून आणा. मागच्या वर्षी लिफ्ट वर जाताना एका डिकीत वीसेक नारळ एका बाजूला गडगडले, तेव्हा आमच्या पोराने जी उडी मारली ती अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.