सायलेन्सरच्या आधीची जाळी

पेट्रोल गाडीत इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये एक फुगीर पत्र्याचा डबा असतो. धुरातले घातक वायू निवळणारा हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो कापला तर आत चिनी मातीच्या जातीची, पोळ्यासारखी जाळी दिसते. नखाएवढ्या जागेत, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये, साधारण 60 आरपार भोकं! त्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरबरीत लेप आणि त्यात रुतलेले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. या धातूंचं सगळं मिळून वजन जेमतेम काही ग्रॅम, पण हा डबा चोरीला जातो तो त्यांच्यासाठीच.

काम दुहेरी आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलला ऑक्सिजन द्यायचा, तर नायट्रोजन ऑक्साइडकडचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. हे दुसरं काम मुख्यतः ऱ्होडियमचं. दोन्ही एकाच वेळी साधायचं तर इंजिनात 1 किलो पेट्रोलमागे 14.7 किलो हवा जायला हवी. म्हणून डब्याच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सर बसवतात. त्याचा नेहमीचा प्रकार पेट्रोल जास्त झालं की 0.9 व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त झाली की 0.1. त्यावरून इंजिनाचा कंप्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. मधला चढउतार लेपातलं सिरियम ऑक्साइड सांभाळून घेतं. जादा ऑक्सिजन ते साठवतं आणि कमी पडला की सोडतं.

जाळी 250-300 अंशांपर्यंत तापेपर्यंत मात्र फारसं काहीच घडत नाही. सकाळी गाडी काढून कोपऱ्यावरून दूध आणलं, तर तेवढ्या फेरीत धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो.

1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. सोबत शिसेविरहित पेट्रोल आणावंच लागलं, कारण शिसं धातूच्या कणांवर बसलं की लेप निकामी होतो. आज शिसं नाही. घात करतो तो बहुधा प्लग किंवा इग्निशन कॉइल. एक सिलिंडर मिसफायर झाला, म्हणजे त्यातलं पेट्रोल पेटलंच नाही, की कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि चिनी माती वितळते. बॅटरी उतरली म्हणून गाडी बराच वेळ धक्का मारून सुरू करतात, त्यातही हाच धोका. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातला फॉस्फरस हळूहळू लेपावर बसतो.

जाळी तुंबली की गाडी चढावर दम टाकते, पिकअप जातो. गार डब्यावर मुठीने ठोकल्यावर आत खुळखुळलं, तर ती फुटली आहे. ‘चेक इंजिन’चा दिवा लागून स्कॅनरवर पी0420 (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला, तरी लगेच नवा कन्व्हर्टर घेऊ नका. आधी प्लग, कॉइल, सेन्सर आणि एक्झॉस्टची गळती पाहा. मूळ बिघाड तसाच राहिला तर नवाही जळेल.

काही गॅरेजवाले जाळी फोडून डबा रिकामा करून देतात. मग पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसू शकतो. नायट्रोजन ऑक्साइड मात्र त्या तपासणीत मोजलाच जात नाही.