पार्श्वभूमी : मदत देणारा भारत, मदत नाकारणारा भारत

म्यानमारमध्ये २८ मार्च २०२५ रोजी मोठा भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारताचे पहिले विमान तंबू, ब्लँकेटे, औषधे घेऊन यांगूनला उतरले. पाठोपाठ जहाजे निघाली, मंडालेत लष्कराचे रुग्णालय उभे राहिले. 'ऑपरेशन ब्रह्मा' हे नाव काही दिवस बातम्यांत राहिले आणि विषय मागे पडला. शेजारी देशावर संकट आले की भारताचे विमान जाणारच, हे आता आपण धरून चालतो. ही सवय लागली ती डिसेंबर २००४ च्या अखेरच्या आठवड्यात. त्याच आठवड्यात दिल्लीने आणखी एक गोष्ट ठरवली आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. शेजाऱ्यांना मदत द्यायची, पण परदेशी सरकारांकडून आपण घ्यायची नाही.

त्सुनामीच्या लाटांनी भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले. पाच हजारांवर माणसे बेपत्ता झाली, त्यांतली बहुतेक निकोबारची. नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर मृतदेह शोधण्याचे काम चालू असतानाच नौदलाची हेलिकॉप्टरे श्रीलंकेत पोहोचली होती. श्रीलंकेसाठी 'रेनबो', मालदीवसाठी 'कॅस्टर', इंडोनेशियासाठी 'गंभीर' आणि देशांतर्गत आणखी दोन अशा पाच मोहिमा नौदल एकाच वेळी चालवत होते. तीसेक जहाजे आणि हजारो खलाशी त्यांत गुंतले होते. सागरी सर्वेक्षणाच्या जहाजांवर खाटा टाकून त्यांची रुग्णालये केली आणि त्यांतले एक सुमात्राच्या किनाऱ्याला पाठवले. स्वतःचे मृत मोजून व्हायच्या आधी शेजाऱ्यासाठी इतके करणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या खलाशांचे पुरेसे कौतुक झाले नाही, असे माझे आजही मत आहे.

मोठ्या देशांनी याची दखल लगेच घेतली. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांचा एक छोटा गट मदतीच्या समन्वयासाठी तयार झाला आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जकार्तातल्या बैठकीच्या सुमारास काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवून विसर्जितही झाला. हेच चार देश २००७ मध्ये मनिलात पुन्हा एकत्र बसले. ज्याला आज 'क्वाड' म्हणतात, त्याची सुरुवात शोधायची तर ती इथपर्यंत येते.

आता त्या नकाराकडे वळू. परदेशांतून मदतीचे प्रस्ताव येऊ लागले तेव्हा तत्कालीन पंतप्रधानांनी सांगितले की परिस्थिती आम्ही स्वतः हाताळू शकतो, गरज भासली तर मदत घेऊ. तोपर्यंतचा शिरस्ता वेगळा होता. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले आणि परदेशांतूनही हात पुढे झाले. २००१ च्या भुज भूकंपात तर पाकिस्तानचे विमान तंबू आणि ब्लँकेटे घेऊन अहमदाबादला उतरले होते. कारगिलला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

मग २००४ मध्ये असे काय बदलले? एक तर २००३ मध्येच सरकारने बहुतेक छोट्या देणगीदार देशांकडून विकासमदत घेणे थांबवायचे ठरवले होते. दुसरे म्हणजे सप्टेंबर २००४ मध्ये भारताने जपान, जर्मनी आणि ब्राझीलच्या जोडीने सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वासाठी उघडपणे दावा मांडला होता. मदत मागणाऱ्यांच्या रांगेत त्या वेळी उभे राहणे दिल्लीला परवडणारे नव्हते. तिसरे कारण अंदमान-निकोबार. तिथे तिन्ही दलांचे संयुक्त मुख्यालय होते, कार निकोबारचा हवाई तळ लाटांनी उद्ध्वस्त केला होता, शिवाय आदिवासींच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. परदेशी सैनिक आणि विमाने तिथे वावरणे कुणालाच नको होते.

बचावापुरता हा नकार समर्थनीय होता, असे मला वाटते. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणसे वाचवायची असतात ती जवळच्यांनीच. लांबून येणारी पथके पोहोचेपर्यंत तो काळ सरलेला असतो आणि त्यांची व्यवस्था लावण्यात स्थानिक प्रशासन अडकून पडते. तामिळनाडूचे प्रशासन सक्षम होते आणि त्याने काम केलेही. पण निकोबारच्या दूरच्या बेटांवर, कच्छलसारख्या ठिकाणी, मदत उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी तेव्हाच आल्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. सामर्थ्य देशाकडे होते, पण ते सगळीकडे वेळेवर पोहोचले नाही. काही महिन्यांनी पुनर्बांधणीसाठी जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेची कर्जे आपण घेतली. त्यामुळे परदेशी पैसा पूर्ण वर्ज्य होता असेही नाही. वर्ज्य होती ती दुसऱ्या सरकारने दिलेली तातडीची मदत.

खरी अडचण पुढे झाली. 'गरज भासली तर' ही अट मागे पडली आणि एका आठवड्यातला निर्णय कायमचे धोरण म्हणून सांगितला जाऊ लागला. त्यामागे कायदा नव्हता. २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात पहिल्यांदा नीट लिहिले गेले, तेही सौम्य शब्दांत : भारत स्वतःहून मदतीचे आवाहन करणार नाही, पण एखाद्या देशाने सदिच्छेने देऊ केली तर सरकार ती स्वीकारू शकेल. दोनच वर्षांत केरळचा पूर आला. आखातातून मोठ्या रकमेची चर्चा सुरू झाली आणि ७०० कोटींच्या आकड्यावरून राज्य आणि केंद्र यांच्यात जुंपली. तेवढी रक्कम अधिकृतपणे देऊ केलीच नव्हती असा खुलासाही झाला. केंद्राने बोट दाखवले ते 'प्रचलित धोरणा'कडे, म्हणजे २००४ कडे. आराखड्यातली सवलत कुणी वापरून पाहिली नाही.

मदतीबद्दलचा हा संशय दक्षिण आशियात आधीपासून होता. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसे गेली. भारताने मदत देऊ केली, पण ती हवाई मार्गाने आणायला पाकिस्तानने परवानगी दिली नाही, रस्त्याने हळूहळू जावे लागले. ४ जून १९८७ रोजी घडले ते त्याहून बोचरे. भारताने श्रीलंकेच्या यादवीत कोंडी झालेल्या तमिळबहुल जाफन्यासाठी मदत घेऊन पाठवलेल्या नौका आदल्या दिवशी श्रीलंकेच्या नौदलाने परत लावल्या होत्या. मग वाहतूक विमानांतून अन्नाची पोती थेट जाफन्यावर टाकली गेली, सोबत लढाऊ विमाने होती. पोटात अन्न गेले हे खरे, पण यजमान देशाची संमती नव्हती. कोलंबोत आणि काठमांडूत, ढाक्यातही, तो दिवस लक्षात राहिला. भारताचे विमान येते तेव्हा ते काय घेऊन येते आणि सोबत काय आणते, हा प्रश्न शेजाऱ्यांच्या मनात तेव्हापासून आहे. आपल्याकडच्या चर्चेत त्याची आठवण क्वचितच निघते.

८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपात या संशयाची किंमत माणसांनी मोजली. पाकिस्तानच्या बाजूला ७३ हजारांहून अधिक मृत्यू, डोंगरातले रस्ते खचलेले, हिवाळा तोंडावर. गरज होती हेलिकॉप्टरांची. भारताकडे ती होती आणि जवळच होती. पाकिस्तान म्हणाला, हेलिकॉप्टर द्या पण तुमचे वैमानिक नकोत. भारत म्हणाला, आमच्या वैमानिकांशिवाय यंत्रे जाणार नाहीत. दोघांच्याही बाजूने लष्करी तर्क होता आणि दोघांच्याही मध्ये नीलमच्या खोऱ्यात माणसे अडकून पडली होती. मग नोव्हेंबरमध्ये नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणे उघडायचे ठरले : उरी-चकोठी, उरी-हाजीपीर, टीटवाल-नौसेरी, पूंछ-रावळाकोट आणि मेंढर-तत्तापानी. तंबू-धान्य गेले, काही कुटुंबे भेटली. पण कागदपत्रांची तपासणी इतकी लांबत असे की पलीकडे जाणाऱ्यांची संख्या फारच मर्यादित राहिली.

२०१० च्या महापुरात तेच नाट्य पैशांच्या बाबतीत घडले. भारताने ५० लाख डॉलर देऊ केले, इस्लामाबादने बरेच दिवस विचार केला आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांमार्फत स्वीकारले. भारताने नंतर ती रक्कम अडीच कोटी डॉलरपर्यंत वाढवली. त्या पुरात सुमारे दोन कोटी लोकांना झळ बसली होती. २०२२ च्या पुरात तर दोन देशांमध्ये सहवेदनेच्या संदेशापलीकडे काही घडले नाही.

बांगलादेशबरोबरचा एक प्रसंग वेगळा आहे, कारण तिथे वैर नव्हते. नोव्हेंबर २००७ मध्ये 'सिद्र' वादळानंतर भारताने पाच लाख टन तांदूळ देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे निर्यातबंदी असताना ती सवलत मोठी होती, पण तो तांदूळ विकत द्यायचा होता. किमतीवर घासाघीस सुरू झाली, महिने उलटले, ढाक्यात भाव चढत राहिले. मदत म्हणून सुरू झालेली गोष्ट तक्रारीवर संपली. घोषणा पंतप्रधानांच्या वा मंत्र्यांच्या तोंडून होते आणि माल सुटतो तो खात्यांच्या टेबलावरून, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटले नसेल.

पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी याच काळात वेगळी वाट धरली. मे २००८ मध्ये 'नर्गिस'ने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसांचे बळी घेतले. म्यानमारच्या लष्करशहांनी परदेशी मदतनीसांना रोखून धरले आणि वादळानंतर आठवड्याभरात घटनेवर सार्वमतही उरकले. अमेरिकी, फ्रेंच आणि ब्रिटिश युद्धनौका किनाऱ्याजवळ थांबून शेवटी परतल्या. संमतीशिवाय आत शिरावे का, यावर पॅरिसपासून न्यूयॉर्कपर्यंत वाद झाला. भारताची दोन जहाजे मात्र काही दिवसांतच यांगूनला लागली होती, कारण लष्करी राजवटीशी दिल्लीने संबंध तोडले नव्हते. त्या संबंधांवर तेव्हा बरीच टीका होत असे. औषधे पोहोचली ती त्यांच्याचमुळे, हेही नोंदवले पाहिजे.

पण कोंडी फोडली ती आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने. १९ मे रोजी सिंगापुरात परराष्ट्रमंत्री जमले आणि संघटना, म्यानमार सरकार व संयुक्त राष्ट्रे अशी तिघांची समिती करायचे ठरले. शेजारी मध्ये असल्यामुळे लष्करशहांना मान वाचवून दार उघडता आले. या संघटनेने २००५ मध्येच व्हिएंतियानला आपत्तीविषयक करार केला होता. तो २००९ च्या अखेरीस बंधनकारक झाला आणि २०११ मध्ये जकार्तात समन्वय केंद्र सुरू झाले.

दक्षिण आशियातल्या आपल्या आठ देशांच्या 'सार्क' संघटनेकडेही कागद आहेत. सामायिक धान्यसाठ्याचा करार १९८७ चा; एवढ्या वादळांत आणि पुरांत तो साठा कधी उपयोगात आला नाही. आपत्तीत तत्काळ मदतीचा करार २०११ मध्ये मालदीवच्या अड्डूत झाला आणि लागू व्हायला सप्टेंबर २०१६ उजाडले. त्याच महिन्यात उरीचा हल्ला झाला, इस्लामाबादची शिखर परिषद रद्द झाली आणि त्यानंतर शिखर परिषद भरलेलीच नाही. पुढे भारताने लक्ष वळवले ते बंगालच्या उपसागराभोवतालच्या सात देशांच्या 'बिमस्टेक' गटाकडे, ज्यात पाकिस्तान नाही. त्या गटाचे आपत्ती सराव दिल्लीत, पुरीत आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातही झाले.

राजकारणाची झळ न लागता चाललेले एक काम मात्र आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. १९७२ पासून उपसागर आणि अरबी समुद्रालगतच्या देशांचे हवामानतज्ज्ञ एका मंचावर बसतात. चक्रीवादळाचे इशारे दिल्लीहून सगळ्यांना जातात, पाकिस्तानलाही. २००४ पासून वादळांची नावे आठ देश आळीपाळीने देत होते. 'नर्गिस' हे नाव पाकिस्तानने दिलेले होते. २०२० च्या यादीत देश तेरा झाले. युद्धज्वर चढलेला असतानाही हे थांबले नाही. त्सुनामीनंतर हैदराबादला २००७ मध्ये सुरू झालेले इशारा केंद्रही हिंदी महासागरातल्या अनेक देशांना सेवा देते.

त्यानंतरचा काळ वाचकांच्या ताज्या आठवणीतला. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या पाण्याच्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा भारताने विमाने आणि जहाजांतून पिण्याचे पाणी नेले. एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात पहिले भारतीय विमान काही तासांत काठमांडूला होते. तरी आठवडाभरात तिथे भारतीय वाहिन्यांच्या वार्तांकनाविरुद्ध संताप उसळला आणि सप्टेंबरपासून सीमेवर इंधनाचे टँकर अडले. ती नाकेबंदी भारताने कधीच मान्य केली नाही, पण नेपाळी घराघरांत गॅस संपला होता आणि लोकांनी दोष कुणाला दिला हे सर्वांना माहीत आहे. 'ऑपरेशन मैत्री' या भूकंपातल्या मदतमोहिमेने कमावलेले बरेचसे त्या हिवाळ्यात गेले.

२००४ चा नकार मोडला तो २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. जानेवारीत भूतान आणि मालदीवला लसी पाठवणारा देश चार महिन्यांत ऑक्सिजनसाठी धावत होता. चाळीसहून अधिक देशांची मदत घेतली गेली. बांगलादेशातून रेमडेसिव्हिरच्या कुप्या पेट्रापोलच्या नाक्यावर आल्या, भूतानने आसामला द्रवरूप ऑक्सिजन देण्याची तयारी केली. पाकिस्ताननेही व्हेंटिलेटर देऊ केले होते, ते घेतले गेले नाहीत. सरकारने धोरण बदलल्याचे जाहीर केले नाही. आम्ही मागितले नाही, त्यांनी दिले, अशी भूमिका राहिली. ती २०१६ च्या आराखड्याशी जुळणारी आहे आणि केरळला २०१८ मध्ये ती का लागू झाली नाही, याचे उत्तर तेव्हाही मिळाले नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या स्वीकारण्याची परवानगी केंद्राने दिली. असा परवाना मिळणारे हे पहिले राज्य ठरले. तिरुवनंतपुरमहून लगेच २०१८ ची आठवण करून देण्यात आली.