घरगुती कॉकपिटमधील खटके व नियंत्रणे

फ्लाइट सिम्युलेटरमधले (संगणकावर विमान उडवण्याच्या खेळातले) विमान कीबोर्डऐवजी खऱ्या विमानासारख्या खटक्यांनी आणि दांड्यांनी उडवता यावे, यासाठी घरी केलेली जुळणी. सुरुवातीला सेस्ना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान बरे. लाल जोड मास्टर स्विच (विजेचा मुख्य खटका), पाच स्थानांची मॅग्नेटो किल्ली (इंजिनाच्या ठिणगीची व स्टार्टची), काळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा), लाल मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारा) आणि फ्लॅप्सचा (पंखांमागच्या झडपांचा) दांडा एवढ्यावर काम भागते. पॅनेलचे अॅक्रिलिक पाट्या बनवणारे लेझरवर कापून देतात. लहान टॉगलला (वर-खाली होणाऱ्या खटक्याला) ६ मिमीचे आणि मोठ्याला १२ मिमीचे भोक लागते.

खटके संगणकाला कळतात ते आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डामुळे. त्यातला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड यूएसबीवर जॉयस्टिक म्हणून वागू शकतो. मेगा २५६० घेतल्यास खटके सिम्युलेटरला जोडणारे मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर चालते. बोर्डाच्या पिना (वायर जोडायच्या जागा) अपुऱ्या पडल्या तर ५ आडव्या आणि ५ उभ्या तारांची जाळी करून १० पिनांवर २५ खटके बसतात. मात्र प्रत्येकाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा. नाहीतर तीन खटके चालू असताना न दाबलेला चौथाही चालू दिसतो.

खरी डोकेदुखी वायरिंगची नाही, खटका आणि सिम्युलेटर यांच्या मेळाची आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात लाइट जाते. ती आल्यावर धावपट्टीवरून नवी सुरुवात केली की सिम्युलेटरमध्ये इंजिन धडधडत असते आणि समोरचा मास्टर मात्र बंद. त्या खटक्याला 'बदल' (चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू) ही एकच आज्ञा दिली असेल, तर पुढे सगळे उलटे चालते. म्हणून खटका वर गेला की 'चालू' आणि खाली आला की 'बंद', अशा दोन वेगळ्या आज्ञा द्याव्यात.

शेतातल्या मोटारीच्या जुन्या स्टार्टरची बटणेही चालतात, अर्थात मूळ वायरिंगपासून पूर्ण सोडवून. त्यातले हिरवे दाबल्यावर जोडते, लाल मात्र दाबल्यावर तोडते. म्हणून न दाबताही लाल दाबल्यासारखे दिसते. ते प्रोग्राममध्ये उलटावे लागते.

थ्रॉटलसाठी १० किलोओहमचा पॉट (फिरवून विजेचा रोध बदलणारा भाग) घेतात. 'बी' अक्षर असलेला पाहावा, त्याची चाल बहुधा सरळ असते, म्हणजे जितका फिरवावा तितकाच बदल. 'ए'वाला आवाजासाठीचा, त्याची चाल सरळ नसते. लिओनार्डो पॉटचे ० ते १०२३ असे आकडे वाचतो. आत धूळ गेली की आकडे थरथरतात आणि हात न लावता इंजिनाचा सूर हलतो. चुंबकाच्या हालचालीवरून जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणारे काही नसल्याने तो टिकतो.

चाचणीसाठी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ (सिम्युलेटरमध्ये शोधायचा संकेत व्हीएएयू) सोयीचा. सगळे बंद ठेवून सुरुवात करावी, मास्टर चालू करावा आणि किल्ली फिरवावी. धावपट्टी २७ वरून पश्चिमेला उठल्यावर उजवीकडे लांब दौलताबादचा डोंगर येतो. तोवर फ्लॅप्स वर घेताना दांडा आणि पडद्यावरचा दर्शक जुळला नाही, तर ती आज्ञा पुन्हा तपासावी.