राजकन्या किती बोलतात?

१९३७ ची हिमगौरी सात बुटक्यांचं घर झाडते. १९५९ मधली ऑरोरा झोपून राजपुत्राची वाट बघते. १९८९ ची जलपरी एरियल वडिलांचा शब्द मोडून समुद्राबाहेर पडते आणि १९९८ ची मुलान थेट रणांगणावर जाते. डिस्नेचे राजकन्यांचे चित्रपट असे ओळीने मांडले की वाटतं, समाजात बाईचं स्थान उंचावत गेलं तशी पडद्यावरची नायिकाही धीट होत गेली. गोष्टींपुरतं ते खरंही आहे.

कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी मात्र गोष्ट बाजूला ठेवून संवाद मोजले. कोणतं पात्र किती शब्द बोलतं, त्यातले बायकांच्या वाट्याला किती येतात, एवढाच त्यांचा प्रश्न. २०१६ मध्ये समोर आलेले त्यांचे आकडे चक्रावून टाकणारे होते. हिमगौरीच्या चित्रपटात स्त्री आणि पुरुष पात्रं जवळपास निम्मं-निम्मं बोलतात. ‘सिंड्रेला’मध्ये सुमारे ६० टक्के शब्द बायकांचे आहेत. ऑरोरा स्वतः फार कमी बोलत असूनही तिच्या चित्रपटात बायकांचा वाटा ७१ टक्के आहे. पुढे, स्त्रीमुक्तीची चळवळ होऊन गेल्यानंतरच्या चित्रपटांत, हे पारडं उलटतं. ‘लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के शब्द पुरुषांचे, ‘पोकाहाँटस’मध्ये ७६, ‘मुलान’मध्ये ७७ आणि ‘अल्लादीन’मध्ये तर ९० टक्के.

एरियल आपला आवाज चेटकिणीला देऊन टाकते, म्हणून तिच्या चित्रपटाचं एक वेळ समजू शकतं. पण मुलान? सगळी लढाई तिच्या हुशारीवर जिंकली जाते, आणि पटकथांच्या दुसऱ्या एका मोजणीनुसार तिच्यासोबतचा चिमुकला ड्रॅगन तिच्यापेक्षा दीडपट बोलतो!

कारण नायिकेत नाही, तिच्या आजूबाजूला आहे. जुन्या चित्रपटांत पात्रं मोजकी असत. ऑरोराभोवती तीन पऱ्या होत्या आणि समोर एक दुष्ट चेटकीण होती, म्हणून ती स्वतः गप्प असूनही बायकांचे संवाद भरपूर होते. १९८९ पासून हे चित्रपट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांच्या धर्तीवर बनू लागले आणि विनोदी मित्र, पहारेकरी, दुकानदार, गावकरी अशी पात्रांची गर्दी वाढली. यातल्या बहुतेक लहान भूमिकांसाठी लेखकांना पुरुषच सुचला. कोणी मुद्दाम ठरवून बायकांना वगळलं असेल, असं फॉट आणि आयझेनहॉवर यांनाही वाटत नाही. ‘कोणीतरी माणूस’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो, ही सवय कागदावर उतरली. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नायिका कशी असावी यावर समाज वाद घालतो, म्हणून ती बदलते. तिच्या गावातला पाववाला कोण असावा यावर कोणीच वाद घालत नाही.

याच अभ्यासातली दुसरी मोजणी मात्र आनंद देणारी आहे. स्त्री पात्रांचं कौतुक कशासाठी होतं, हेही त्यांनी पाहिलं. जुन्या चित्रपटांत अशा कौतुकाच्या वाक्यांपैकी निम्म्याहून जास्त रूपाबद्दल होती आणि कर्तबगारीबद्दल जेमतेम ११ टक्के. २००९ पासूनच्या चित्रपटांत कर्तबगारीचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास गेला आणि रूपाचा २२ वर आला.

मुलांवर याचा काय परिणाम होतो? सारा कोइन या संशोधिकेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राजकन्यांमध्ये रमणारी लहान मुलं वर्षभराने जास्त ‘मुलींसारखं’ वागताना दिसली. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात चित्र वेगळं होतं. लहानपणी राजकन्यांमध्ये रमलेल्या मुलामुलींमध्ये पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर पुरुषी वर्चस्वाच्या कल्पना उलट कमी आढळल्या. हे दोन गोष्टींमधलं नातं आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही. तरी मुलीला राजकन्येचा झगा घालायला बंदी करण्यापूर्वी पालकांनी हा दुसरा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा.

चित्रपट घडवणारे हातही बदलले. १९३८ मध्ये डिस्ने स्टुडिओने नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला लेखी कळवलं होतं की सर्जनशील काम फक्त तरुण पुरुष करतात. बायकांना चित्रं सेल्युलॉइडवर गिरवण्याचं आणि रंगवण्याचं काम मिळे. २०१३ मध्ये ‘फ्रोझन’ आला तेव्हा जेनिफर ली त्याची लेखिका आणि सहदिग्दर्शिका होती. आपल्याकडच्या शाळेच्या दप्तरांवरही दिसणारी एल्सा याच चित्रपटातली.

तरीही ‘फ्रोझन’मध्ये ५९ टक्के शब्द पुरुषांचे आहेत. त्याआधीच्या वर्षी आलेल्या डिस्नेच्याच पिक्सार स्टुडिओच्या ‘ब्रेव्ह’मध्ये बायकांचा वाटा ७४ टक्के होता, कारण तिथे सगळा झगडा आई आणि मुलीचा आहे. ‘फ्रोझन’मधल्या दोघी बहिणी बराच काळ एकमेकींपासून दूर असतात, आणि त्यांना वाटेत भेटणारा बर्फ विकणारा, राजपुत्र, सरदार, दुकानदार, इतकंच काय, बर्फाचा बाहुलासुद्धा, सगळे पुरुष आहेत.